खंडेनवमीला अडलेला पंप

“आज हत्याराला हात लावायचा न्हाई. उद्या सकाळी ये,” असं म्हणून इलाही मिस्त्रीनं माझ्याकडं पाठ फिरवली.

“मिस्त्री, उद्या सकाळपातूर समदी मरतील.”

“कोण मरतंय?”

“पिल्लं. कोंबडीची. गाडीभर हाईत.”

तवा तो फिरला. हा एवढा मोठा माणूस. दाढीला मेंदी, अंगात कडक इस्तरीचा पांढरा सदरा, आणि आवाज असा की चालू इंजनावरनंसुद्धा ऐकू यावा. माझ्याकडं न बघता तो थेट गाडीकडं गेला. फाट्यावर लिंबाखाली उभी होती गाडी, नाक उघडं टाकून. त्यानं फाळक्याला कान लावला. मागं पुठ्ठ्याची खोकी एकावर एक रचलेली, बाजूला भोकं पाडलेली, आणि प्रत्येक खोक्यात आदल्या दिवशी अंड्यातनं निघालेली पिल्लं. सगळी मिळून एकच चिवचिव चाललेली.

“कुठनं आणलीस?”

“पुण्याकडनं. जतच्या पुढं टाकायचीत. दिवस मावळायच्या आत गेली पायजेत, तिथं शेडात पाणी आणि बल्ब लावून ठेवलेत.”

“थांबलास कशाला मग?”

“इंजन तापलं. पाणी घालायला बंद केलं. आता चालूच हुईना.”

पिल्लांची गाडी पळत असली की काय वाटत न्हाई, भोकातनं वारा खेळतो. उभी राहिली की संपलं. त्यातनं ते दिवस नवरात्राचे, पाऊस गेलेला आणि ऊन असं की डोक्यावर तवा ठेवल्यागत. खोक्यात भट्टी व्हायला किती वेळ लागतो? मी तवा नवाच ड्रायव्हर. क्लीनर सणाला गावाकडं गेलेला, मी एकटा. सांगोल्याच्या पुढचा तो बोरीचा फाटा, चार पत्र्याची दुकानं, सणामुळं सगळी बंद. रस्त्यावर कुत्रं न्हवतं. एक चहावाला कडी लावून निघाला होता, त्यानं बोट दाखवलं. म्हणाला, इंजनाचं, डिझेल पंपाचं काम असंल तर ते एकच घर. पण आज तो करायचा न्हाई.

का करायचा न्हाई, ते मला गॅरेजात शिरल्यावर कळलं. खंडेनवमी. आत फळीवर धुतलेली चादर अंथरलेली, आणि तिच्यावर पाने, पकडी, पेचकस, हातोड्या, सगळं घासलेटनं धुऊन लहान-मोठं लावून मांडलेलं. प्रत्येकाला हळदीकुंकू, प्रत्येकावर एक झेंडूचं फूल. मागं भिंतीला एका मिशाळ माणसाचा फोटो, त्याला हार. फोटोपुढं एक म्हातारी निवद ठेवत होती.

माझी गाडी अडलेली, आणि डोळ्यांपुढं असा हत्यारांचा बाजार मांडलेला. पर घ्यायचं न्हाई!

म्हातारी म्हणजे गजराकाकू. फोटोतला माणूस तिचा नवरा, निवृत्ती लोहार, इलाहीचा उस्ताद. हे गॅरेज त्याचं, हत्यारं त्याची. इलाहीला त्यानं हाताशी धरून शिकवलं आणि जाताना सगळं त्याच्याच हवाली केलं. हे मला काकूनंच सांगितलं, खोकी उतरवता उतरवता. कारण पिल्लं म्हटल्यावर तिनं निवद तसाच ठेवला, कासोटा घट्ट केला आणि शेजारच्या दोघी-तिघी बायांना हाळी मारली.

“खोकी खाली घ्या गं! लिंबाखाली पसरून ठेवा. एकावर एक नको, सुटी सुटी. अन् वारा घालाय सुपं आणा घरातनं.”

मग ती इलाहीकडं वळली.

“इलाही, घे पाना. मी सांगते. ह्यांनी न्हाई म्हटलं नसतं.”

“काकू, तू तुझी पूजा कर.”

“अरं, बारके जीव हाईत.”

“मी कुठं न्हाई म्हणतोय? पाना झोपलाय. मी जागा हाय.” आणि त्यानं सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. “ए ड्रायव्हर, नाव काय तुझं?”

“बाजीराव.”

“बस आत, बाज्या. सेल मार.”

मी चावी फिरवली. इंजन घरघरलं, पर पेटलं न्हाई. बॅटरी आधीच माझ्या खटपटीनं थकलेली. तो नाकात शिरून डिझेल वर ओढायचा बारका हातपंप मारत होता. डिझेल पंपापर्यंत येतंय म्हणाला. मग त्यानं पंपावर पंजा ठेवला, वैद्यानं नाडी बघावी तसा, आणि मला म्हणाला, “पुन्ना मार.” मी मारला. “बास. बॅटरी राख. रॅक अडकलाय.”

ज्यांना ठावं न्हाई त्यांच्यासाठी सांगतो. डिझेलच्या गाडीचा पंप म्हंजे एक लोखंडी डबा. आत सहा दट्टे एका ओळीत उभे, वरखाली होतात आणि एकेका सिलिंडरला डिझेल मारतात. ह्या सहाही दट्ट्यांना फिरवणारी एक दात्याची पट्टी असते, तिला रॅक म्हणायचं. ड्रायव्हरनं पाय दाबला की ती पट्टी सरकते आणि डिझेल वाढतं. इंजन बंद करायची दोरी ओढली की ती बंदच्या जागी जाते. माझी गेली ती गेलीच, मागं फिरली न्हाई.

“पावसाळाभर उभी होती का गाडी?” त्यानं विचारलं.

“मालकाच्या वखारीत. चार महिने.”

“टाकीत पाणी गेलंय. एक दट्टा गंजून धरलाय, त्यानं सगळ्यांना धरून ठेवलंय. एक नाठाळ बैल बसला की मळणीची सगळी पात बसती, तसं.”

मला धीर निघंना. मी जॅकचा दांडा घेऊन आलो.

“मिस्त्री, हळूच एक ठोका देऊ का कडंनं?”

मी आजवर लई शिव्या खाल्ल्या, दिल्याही. पर त्या दिवशी इलाहीनं जी दिली ती अजून कानात हाय.

“ठोका? तुझ्या गुडघ्यावर देतो ना ठोका! बघू हालतोय का! अरे, त्या दट्ट्यात आन् नळीत केस जाईना एवढी जागा हाय. वाकला तर संपला. मग काय, सोलापूरला न्यायचा, मशीनवर लावायचा, आणि ते दुकान दसरा होईस्तोवर उघडायचं न्हाई. टाक तो दांडा! लांब टाक!”

मी टाकला. काकू सूप हलवता हलवता हसत होती. “त्याला दांडा दिसला की असंच करतो तो. ह्यांच्यावर गेलाय.”

“गेलोय तर गेलोय,” इलाही म्हणाला. “सांगोल्यापासनं जतपातूर पंपाला दुसरा हात लावणारा दाखव आणि मग हस.” बढाया मारण्यात माणूस कुणाला ऐकणारा न्हवता.

पंपाच्या अंगाला एक झाकण असतं. त्याच्या पेचाला रुंद खाच असते. पेचकस तर फूल डोक्यावर घेऊन झोपलेला. इलाहीनं माझ्याकडनं रुपयाचं नाणं मागून घेतलं, खाचेत बसवलं, अंगठा आणि दोन बोटं, आणि मान वाकडी करून असा पीळ दिला की पेच कुरकुरला आणि सुटला. दुसरा त्याहून हट्टी. त्याच्या बोटाचं कातडं निघालं, पर पेचही निघाला. झाकण उघडलं. आत सहा स्प्रिंगा, शेजारी शेजारी. त्यानं एकेकीवर बोट फिरवलं आणि चौथीपाशी थांबला.

“हा बघ. वर जाऊन बसलाय माझा राजा. खाली यायचं नाव न्हाई.” मग आवाज चढवून, “काकू! चुलीवर पाणी हाय का?”

“आधण हाय पुरणाचं.”

“आण. आणि जुनी लुगडी आण.”

पुढचं मी बघत राहिलो, सांगायला जमंल तेवढं सांगतो. त्यानं लुगड्याच्या घड्या आधणात बुडवल्या, पिळल्या आणि पंपाला बाहेरनं गुंडाळल्या. बाळंतिणीच्या कमरेला देतात तसा शेक. गार झालं फडकं की दुसरं. पाण्याचा एक थेंब आत जाऊ दिला न्हाई. ह्याचे हात आधणानं लालबुंद, पर तोंडानं हूं न्हाई का चूं न्हाई. मधेच देवघरातली कापसाची वात मागवली, घासलेटात भिजवली आणि त्या चौथ्या दट्ट्याच्या कडेला नुसती टेकवून ठेवली. थेंब आपला आपण उतरत होता.

“आता खाली दाबायला कायतरी पायजे. चपटं, पातळ. काकू, इळी?”

“पूजेत हाय.”

“सुरी?”

“ती बी. कातरसुद्धा ठेवलीय.”

“मग उरलंय काय तुझ्या घरात?”

“उलथनं हाय.”

“त्याची पूजा न्हाई केलीस?”

“त्याची पूजा करून चालंल का मेल्या? पोळ्या काय बोटानं उलटू?”

इलाही असा हसला की लिंबावरचे कावळे उडाले. “आण! उलथनं हत्यार न्हवं. उस्तादानं विचारलं तर तूच सांग वर जाऊन.”

“तू आधी जा. मला अजून पोळ्या लाटायच्यात.”

उलथन्याचं पातं त्यानं स्प्रिंगेच्या वरच्या ताटलीवर टेकवलं. मला वाटलं आता दाबंल. पर त्यानं नुसतं टेकवलं, जरा भार दिला आणि सोडला. पुन्हा दिला, सोडला. असं किती वेळ चाललं देव जाणे. मी घामानं भिजलो होतो, नुसतं उभं राहून.

“जरा जोर लावा की, मिस्त्री.”

“जोर लावणारे रस्त्यानं गावोगाव पडलेत,” तो न बघता म्हणाला. “ह्याला हालतोस का म्हणून इचारायचं. आणि थांबायचं. त्यानं हूं म्हटलं की पुन्ना इचारायचं.”

तिकडं काकूचा सूर बदलला. “बाजीराव, इकडं ये रं.” मी गेलो. तिनं एक खोकं उघडलं होतं. कोपऱ्यात दोन पिल्लं मान टाकून पडलेली. बाकीची चोची उघड्या टाकून धापत होती, आवाज न करता. “ह्या ओळीतली गप झालीत,” ती म्हणाली. तिनं पदर ओला केला आणि खोक्यावर धरला.

मी परत आलो. इलाहीनं माझ्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि पुन्हा मान आत घातली. त्याची बडबड थांबली होती. आता फक्त ओठ हलत होते. शिव्या देत होता का अल्लाचं नाव घेत होता, मला कळलं न्हाई. त्या पंपाला दोन्ही चालत असणार.

आणि मग “टक्” असा आवाज आला. बारीक, नखानं नखावर मारावं एवढा.

“उतरला,” इलाही म्हणाला. अगदी हळू म्हणाला. मग अंगठा रॅकच्या टोकावर ठेवून त्यानं दाबला. पट्टी सरकली. सोडला. परत आली, पर रांगत रांगत, आजारी माणसागत. “हं. मोकळा न्हाई, पर चालायला लागलाय. खोकी भरा!”

फाट्याला उतार होता. सणाची नवी कापडं घातलेली माणसं घराघरांतनं बोलावून आणली काकूनं. सगळ्यांनी गाडीला खांदा दिला. मी दुसऱ्या गिअरात घालून क्लच सोडला. गाडीनं एक हिसका दिला, दुसरा दिला आणि इंजन पेटलं.

पेटलं ते असं पेटलं की माझी छाती फुटायची वेळ आली. पाय काढला तरी कमी होईना. चढतच चाललं, किंचाळायला लागलं, काळा धूर, सगळी गाडी थडथडायला लागली. रॅक पुढं जाऊन तिथंच बसला होता. मी दोरीला हात घातला.

“ओढू नको!” इलाही पायरीवर चढून आत घुसला होता. आमच्या गाडीला इंजनाचं एक झाकण केबिनमध्येही. ते त्यानं उचलून मागं भिरकावलं, हात कोपरापातूर आत घातला आणि अंगठ्यानं रॅक मागं दाबला. इंजन खाली आलं. एकदम शांत, घुमायला लागलं घरच्या जात्यासारखं.

मी दोरी सोडली.

“दोरी ओढली असती तर बंद पडलं असतं, आणि पुन्ना बसलं असतं आपल्याच जागी,” तो म्हणाला. “आता हे बंद करायचं न्हाई.”

“आणि अंगठा काढला तर?”

“तर पळत सुटंल.”

“मग?”

“मग काय? चल.”

“कुठं?”

“जतला, आणि कुठं! मी काय अंगठा तोडून देऊ तुला?”

काकू पळत आली. तिच्या हातात पोळी होती, तूप निथळणारी. त्याचे हात गुंतलेले, म्हणून तिनं खिडकीतनं ती गुंडाळून त्याच्या तोंडात कोंबली. बोलता येईना तसा तो मानेनंच म्हणाला, चल.

असा प्रवास मी पुन्हा केला न्हाई. मी पायानं गाडी चालवत होतो आणि तो अंगठ्यानं. मी गिअर बदलायचा असला की त्याच्याकडं बघायचो, तो माझ्या पायाकडं बघायचा. मी पाय दाबला की तो अंगठा सैल सोडी, मी काढला की तो दाबी. पहिल्या पाच-सहा मैलांत दोनदा गाडी उधळली, एकदा बंद पडता पडता वाचली. मग लय लागली. चढ आला की तो ओरडायचा, “दे!” उताराला, “घेतो, घेतो!” मधेच समोर शेळ्या आल्या, मी पाय उचलला तर इंजन आधीच खाली आलेलं. शेळ्या त्यानंही बघितल्या होत्या.

उघड्या इंजनाची धग तोंडावर येत होती. त्याचा पांढरा सदरा काळा झाला. हात सायलेन्सरच्या पायपाशेजारी, हिसका बसला की टेकायचा. टेकला की तो दात आवळून “स्स” करायचा आणि वर मलाच म्हणायचा, “खड्ड्यात डोळे उघडून घाल की गाडी, मिटून कशाला घालतोस?”

मागची चिवचिव इंजनाच्या आवाजात ऐकूच येत न्हवती. जिती हाईत का गेली, कळायला मार्ग न्हवता. थांबून बघायचंही न्हवतं.

मी बोलायचं म्हणून बोललो. “मिस्त्री, एक इचारू? खंडेनवमी तुमच्यात तर नसते.”

“नसती.”

“मग हत्यार उचललं असतं तर कोण काय म्हणालं असतं? काकू तर हो म्हणत होती.”

त्यानं अंगठा जरा सावरून धरला. रस्त्याकडं बघत होता.

“उस्ताद म्हणायचा, वरसात एक दिस हत्याराला सुट्टी. त्या दिवशी बी गाड्या यायच्या. सणाला तर जास्तच बंद पडत्यात, हरामखोर. मी म्हणायचो, उस्ताद, आज सुट्टी ना? तर म्हणायचा, हत्याराला. तुला कुणी दिली?” आणि तो हसला. “असं उलथन्यानं, चमच्यानं, बांगडीनं करायला लावायचा. बारा वरसं. मला एकदा बी सुट्टी दिली न्हाई त्यानं. मेला तरी देत न्हाई.”

दिवे लागायच्या वक्ताला आम्ही पोचलो. पिल्लं मागवलेली इठाबाई कोळेकर शेडाबाहेर रस्त्यातच उभी होती. तिनं पहिल्यांदाच कोंबड्यांचं शेड घातलेलं. आत बल्ब लावलेले, पाण्याची भांडी भरलेली, आणि दुपारपासनं ती बाई रस्त्याकडं डोळे लावून बसलेली. मी गाडी शेडाला लावली.

“आता ओढ दोरी,” इलाही म्हणाला.

मी ओढली. इंजन थांबलं. कान बधिर झालेले, आधी नुसता सूं आवाज. मी मागं कान लावला. इलाहीनंही. मग मागनं, पुठ्ठ्यातनं, ती चिवचिव आली. आधी एका बाजूनं, मग सगळीकडनं, मग अशी की केबिन भरून गेली.

इठाबाईनं खोकी उघडली. मेलेली होती काही, न्हाई म्हणत न्हाई. पर बल्बाखाली ओतली तशी बाकीची पिवळीधमक पाण्याकडं पळाली, एकमेकांच्या डोक्यावरनं. ती बाई खाली बसली आणि एकेकाची चोच पाण्यात बुडवत राहिली.

इलाही अजून केबिनमध्येच होता. मी वर चढलो. त्यानं हात बाहेर काढला होता, कोपरापासनं मनगटापातूर भाजलेला, फोड आलेले. अंगठा तर सरळच होत न्हवता.

“रॅक बघ,” तो म्हणाला.

मी बोट लावलं. पट्टी लोण्यातनं फिरावी तशी सरकली आणि आपली आपण परत आली.

“ही तर मोकळी झालीय, मिस्त्री!”

“झालीय की. अर्ध्या वाटंतच झाली. चालून चालून सुटली.”

“अर्ध्या वाटंत? मग हात काढायचा न्हाई का? एवढा भाजून घेतलात!”

“सुटलीय असं वाटत होतं मला,” इलाही म्हणाला. “वाटण्यावर सोडू व्हय? माघं पिल्लं होती.”

इठाबाईनं कोरफड आणली, त्यानं ती लावून घेतली आणि ती लावायची कशी ते तिलाच शिकवलं. मी म्हटलं, सकाळी फाट्यावर सोडतो. तर म्हणाला, “तुझ्या गाडीत? मी एसटीनं जाईन. सकाळी पूजा उतरायची हाय, वेळेवर पोचलो पायजे.”

दिवाळी झाली. मी मालकाला गाडीच्या चाव्या परत दिल्या आणि बोरीच्या फाट्याला उतरलो. गॅरेजात एक ट्रक उभा होता, त्याच्याखालनं दोन पाय बाहेर आलेले.

“कोण हाय?” पायांनी विचारलं.

“बाजीराव. पिल्लांवाला.”

“गाडी कुठाय?”

“गाडी न्हाई. मीच आलोय.”

“तुला काय झालंय?”

“शिकायचंय.”

मग ट्रकखालनं एक हात बाहेर आला. मनगटावर भाजल्याचा गुलाबी डाग, तळवा उघडा.

“चौदाचा पाना दे,” इलाही मिस्त्री म्हणाला.